दाजींचं आजन्म परमिट

दाजी दारू पीत नाहीत. चहासुद्धा बशीत ओतून, फुंकर घालून, जपून पितात. पण त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागच्या कप्प्यात महाराष्ट्र शासनाचा मद्य बाळगण्याचा आणि पिण्याचा आजन्म परवाना आहे, लॅमिनेशन केलेला. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, वर्षाचा शंभरात आणि जन्माचा हजारात. दाजींनी थेट जन्माचाच काढला.

"दाजी, तुम्ही घेत नाही, मग हे कशाला?"

"पाव्हणं, कायद्यानं दिलेला हक्क सोडायचा नसतो. वापरायचा का नाही ते नंतर बघू."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी दिवाणी कोर्टात कारकुनीत गेली. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला लागतात, दाजी अधिनियम वाचायला लागले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा त्यांचा विशेष जिव्हाळ्याचा. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री दारूबंदीच आहे, पिणारा प्रत्येक जण अपवाद म्हणून पितो, आणि तो अपवाद त्याला 'आरोग्य टिकवण्यासाठी' मिळतो, हे त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितलं. तेव्हापासून उमरग्यातल्या परमिट रूमसमोरून जाताना आत बसलेली मंडळी मला वेगळीच दिसतात. सगळे आपापल्या प्रकृतीची काळजी घेत बसलेले.

कर्नाटकातल्या भालकी तालुक्यात आमच्या चुलतमामांच्या घरी साखरपुडा होता. फोनवर मामा म्हणाले, "येताना काय आणू नका हां." आमच्या भागात याचा अर्थ आणा असा होतो, आणि काय आणायचं ते आवाजाच्या पट्टीवरून कळतं. मी सोलापुरातच घेऊन टाकू म्हणालो. दाजींनी गाडीचं दार उघडायच्या आतच विषय हातात घेतला.

"बाटलीवर काय छापलंय? फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी. ती सीमा ओलांडली की दारू राहत नाही, मुद्देमाल होतो."

"पण तुमचं परमिट आहे की."

"ते सीमेपर्यंत. पलीकडं मी साधा माणूस."

नळदुर्ग मागं पडलं, उमरगा गेलं, तलमोडचा टोल भरला, आणि पुढच्या पाट्या कन्नडमध्ये झाल्या. बाकी काही बदलत नाही. तीच काळी माती, तीच तूर, टपरीवर तीच मराठी-कन्नड-दखनीची मिसळ. हे सगळं १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, आणि तेव्हाचा बीदर जिल्हा चांगला ऐसपैस होता. राज्यांची फेररचना झाली तेव्हा त्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेडकडचा भाग आंध्रात, आणि उरलेला बीदर म्हैसूर राज्यात. भावकीत वाटणी होते तेव्हा विहीर सामाईक ठेवतात. इथं तहान सामाईक राहिली, विहिरी तीन झाल्या, आणि प्रत्येक विहिरीवर वेगळा तलाठी बसला.

सीमा ओलांडताना मी सहज विचारलं, की समजा एखादा इकडं बसवकल्याणला पिऊन तिकडं उमरग्याला गेला, तर? दाजींनी चष्मा काढला. याचा अर्थ प्रश्न चांगला आहे.

"आपल्या कायद्यात कलम ६६. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त दारू निघाली, तर ती औषधाची होती, कायद्यात बसणारी होती, हे पिणाऱ्यानं सिद्ध करायचं. आता तो म्हणणार, मी कर्नाटकात प्यालो. तिथं परमिट लागत नाही. मग आपल्या हद्दीत त्यानं काय केलं? नुसती वाहतूक. पण पोट हे भांडं धरायचं का वाहन धरायचं?"

यावर ते हुमनाबादच्या फाट्यापर्यंत विचार करत राहिले असते, पण आम्हाला त्याआधीच बसवकल्याणकडं वळायचं होतं.

कायद्यावर वाद घालायला याहून योग्य गाव सापडणार नाही. हिंदू वारसाहक्काचा आधार मानली गेलेली 'मिताक्षरा' विज्ञानेश्वरानं चालुक्यांच्या राज्यात, या कल्याणातच लिहिली. आणि पुढं बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये हेंडद मारय्या नावाचे एक वचनकार होते. हेंड म्हणजे ताडी. ताडी विकणं हा त्यांचा कायक, म्हणजे पोटाचा धंदा, आणि गिऱ्हाइकाला भक्तीच्या नशेकडं वळवणं हा जोडधंदा. परवान्याचं नाव नाही, अंतराचा नियम नाही. आजचं कुठलंही उत्पादन शुल्क खातं मारय्यांना एका दिवसात नोटीस बजावेल. मद्यविक्रीच्या जागी प्रवचन करायला त्यांनी कुणाची परवानगी घेतली होती?

महामार्गावरून दारूचं दुकान दिसत नव्हतं, बाण दिसत होता. याचं कारण सुप्रीम कोर्ट. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायला बंदी आली. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झालं. जुलैत खुलासा आला, की नगरपालिकेच्या हद्दीला हे लागू नाही. दरम्यान केरळात एका बारवाल्यानं रस्ता आणि दार यांच्यामध्ये भिंतींचा चक्रव्यूह बांधून चालण्याचं अंतर वाढवलं, ते दाजींना फार आवडलं होतं. "अभिमन्यूला आत जाता येत होतं, बाहेर येता येत नव्हतं. इथंही तेच. आत जाताना शुद्ध असते."

बाणाच्या दिशेनं पायवाट तुरीच्या कडेनं गेली होती. दाजींनी पावलं मोजायला सुरुवात केली. समोरून एक गृहस्थ येत होते, आणि ते पायवाटेच्या दोन्ही कडांचा निःपक्षपातीपणे वापर करत होते.

"अंतर बरोबर आहे," दाजी दुकानापाशी पोचून म्हणाले. "जाताना दोनशे वीस, येताना साडेतीनशे. कोर्टानं येण्याचा विचारच केलेला नाही."

दुकानाला इथं सगळे 'एमआरपी' म्हणतात. पाहुणे येणार असले की पोराला सांगतात, जा रे, एमआरपीवरनं घेऊन ये. परवान्याचं नाव सीएल-२. इथं बंद बाटली विकत घ्यायची, पण प्यायची नाही. शेजारी बार अँड रेस्टॉरंट, त्याचा परवाना सीएल-९. तिथं बसून प्यायची, पण घरी न्यायची नाही. मधे एकच भिंत. भिंतीच्या पलीकडून काचेचा आवाज येत होता, अलीकडं लोक पिशव्या घेऊन उभे होते. काही सरकारी दुकानंही असतात, एमएसआयएलची. ही कर्नाटक सरकारची १९६६ पासूनची कंपनी. भिशी चालवते, शाळेच्या वह्या विकते आणि दारूही विकते. माणसाच्या आयुष्याचे बहुतेक टप्पे एकाच कंपनीनं सांभाळल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

"एन बेक्री?" काउंटरवरच्या पोरानं विचारलं.

मी मागितली. दाजींनी मागून त्याला विचारलं, "परमिट बघणार नाही?"

"एनु?"

"परमिट. परवाना. पिण्याचा."

पोरानं माझ्याकडं बघितलं, दाजींकडं बघितलं, आणि नेहमीपेक्षा मोठ्या कागदात बाटली गुंडाळून दिली. दाजींचा चेहरा उतरला. हजार रुपये भरलेल्या माणसाला असं बिनकागदाचं वागवणं त्यांना अपमानाचं वाटतं.

मामांनी बाटली घेतली, बघितली, आणि देव्हाऱ्याच्या उलट दिशेच्या कपाटात ठेवली. खूश दिसले नाहीत.

"इथलीच आणलाव की."

"मामा, तिकडची आणली असती तर गुन्हा झाला असता."

"मला देशी पायजे होती बाबा. संत्रा. आमच्याकडं सगळं मिळतंय, तेवढी न्हाई."

हे खरं आहे. कर्नाटकानं १ जुलै २००७ पासून सरकारमान्य अर्क, म्हणजे तिथली देशी, बंद केली. गरिबाची दारू गेली आणि तिच्या जागी स्वस्त व्हिस्की-ब्रँडी आली, ९० आणि १८० मिलीच्या कागदी डब्यांत. सीमेपलीकडं महाराष्ट्रात देशीची दुकानं राजरोस चालू. म्हणजे उदगीरच्या मजुराला जे परवडतं ते भालकीच्या मजुराला मिळत नाही, आणि भालकीवाला जे पितो त्यासाठी उदगीरवाल्याला जास्त मोजावे लागतात. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रानं करवाढ केली, तेव्हा १८० मिलीची किमान किंमत देशीला ८० रुपये आणि भारतात बनलेल्या विदेशीला २०५ रुपये ठरली. कर्नाटकानं त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये उलटं केलं होतं. भारी दारूचा कर उतरवला, कारण शेजारच्या राज्यांत ती स्वस्त मिळते म्हणून श्रीमंत लोक तिकडून घेतात. दोन्ही सरकारांचा हिशेब बरोबर असेल. मामांचा मात्र चुकला.

"हे पुठ्ठ्याचं काय प्यायचं?" मामा म्हणाले. "शाळेतली लेकरं नळी लावून सरबत पितात तसं."

साखरपुड्याच्या मांडवात दाजींना श्रोते मिळाले. नवरा मुलगा तेवीस वर्षांचा. दाजींनी त्याला समोर बसवून त्याच्यावर खटलाच चालवला. हा अठराव्या वर्षापासून मत देतो. एकविसाव्यापासून लग्न करू शकतो. उदगीरला गेला तर बिअर पिऊ शकतो, कारण त्याला एकवीस पुरतात, पण व्हिस्की पिऊ शकत नाही, त्याला पंचवीस लागतात. म्हणजे महाराष्ट्रात संसार आधी, व्हिस्की नंतर. इथं कर्नाटकात? इथं कायदा म्हणतो अठराच्या आतल्याला विकू नका, आणि त्याच कायद्याखालचे नियम म्हणतात एकवीसच्या आतल्याला विकू नका. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं नियमातलेही अठरा करण्याचा मसुदा काढला, हरकती आल्या, आणि मसुदा गुंडाळला.

"मग अठरा ते एकवीसमधल्या पोरानं काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"अभ्यास," वधूपिता म्हणाले. मांडवात तेवढं एकच वाक्य कुणाला खोडता आलं नाही.

बायकांच्या बाजूनं उमरग्याकडच्या एका मावशींनी आवाज दिला. त्यांच्या गावानं 'आडवी बाटली' केली आहे. महाराष्ट्रात गावातल्या पुरेशा बायकांनी अर्ज केला की मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. "आम्ही आडवी केली," मावशी म्हणाल्या, "आणि आमचे हे दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या गावात जाऊन आडवे व्हायला लागले." या सगळ्या कायद्यांमध्ये मला मनापासून आवडणारा हा एकच. तो लिहिणाऱ्यानं निदान दारूचा त्रास कुणाला होतो हे एकदा तरी डोळ्यांनी पाहिलं असावं.

मग निघाल्या निवडणुका. मतदान संपण्याआधीचे ४८ तास सगळं बंद. २०२४ च्या लोकसभेला बीदर, कलबुर्गी, उस्मानाबाद, लातूर, सोलापूर सगळ्यांचं मतदान ७ मे ला आणि जहीराबादचं १३ मे ला. शेजारच्या राज्यात मतदान असलं की सीमेलगतची दुकानंही बंद ठेवायला लावतात. मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्या आठवड्यात गावातल्या काही लोकांना लोकसभेच्या मतदारसंघांचे नकाशे शिक्षकांपेक्षा चांगले पाठ झाले होते. आषाढी-कार्तिकीचंही तसंच. महाराष्ट्रात त्या दिवशी कोरडा दिवस, कर्नाटकात नाही. सीमेवरच्या एखाद्या वारकऱ्याच्या घरात उपासाची भगर शिजत असते आणि त्याच्या पुतण्याची मोटारसायकल पूर्वेकडं धावत असते.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला आलेल्या आत्याला जहीराबादला सोडायचं होतं. वाटेत बीदर. महमूद गवानाचा मदरसा बघितल्याशिवाय दाजी पुढं जाईनात. १४७२ ची इमारत. निळ्या फरशा अजून कुठं कुठं चमकतात, उरलेला मिनार एकटाच उभा आहे. बहमनी सुलतानाचा हा वजीर इराणातून आला, मदरसा बांधला, राज्य वाढवलं, आणि १४८१ मध्ये मारला गेला. फिरिश्ता सांगतो ती हकिकत अशी, की शत्रूंनी गवानाच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला लिहिल्यासारखं फितुरीचं पत्र लिहिलं. ते सुलतानाला दाखवलं तेव्हा सुलतानही शुद्धीत नव्हता. त्यानं तिथंच शिरच्छेदाचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी तोही गेला.

दाजी बराच वेळ गप्प होते.

"शिक्केवाल्याला कामाच्या वेळेत पाजली," ते शेवटी म्हणाले. "त्याचं परमिट कुणी बघितलं नाही. कागद कोरा होता, तो कुणी बघितला नाही. वरच्यानं खालच्याचं तपासायचं, तर वरचाच चढलेला. पाव्हणं, हे राज्य बुडणार नाही तर काय?"

आत्या म्हणाली, ऊन वाढतंय, चला.

जहीराबाद म्हणजे तेलंगण. तिसरा तलाठी. एकत्रित आंध्रात जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली होती. नेल्लूरकडच्या बायकांच्या अर्कविरोधी आंदोलनानं सरकारला तिथवर आणलं, आणि १९९७ मध्ये ती उठली. आता तेलंगणात दर दोन वर्षांनी दुकानांची सोडत निघते. २०२३ मध्ये २,६२० दुकानांसाठी एक लाख तीस हजारांच्या वर अर्ज आले, प्रत्येक अर्जाला दोन लाख रुपये, परत न मिळणारे. दुकान लागो न लागो, सरकारला लागलंच.

आत्याला तिच्या दारात सोडून परत फिरलो. बसस्टँडच्या पुढं दाजींनी एकदम गाडी थांबवायला लावली. समोर दुकान, आणि त्याला लागून एका दारावर पाटी: परमिट रूम.

"बघितलंत? इथं बघतात."

मी सांगायचा प्रयत्न केला, की तेलंगणातली परमिट रूम म्हणजे दुकानाला जोडलेली खोली, परमिट दुकानदाराचं असतं, गिऱ्हाइकाचं नसतं. पण दाजी उतरले होते. आत सिमेंटचा ओटा, चार खुर्च्या, उकडलेल्या हरभऱ्याची परात, आणि दारात स्टुलावर बसलेला एक पोक्त माणूस. दाजींनी पाकीट काढलं, आधार कार्ड बाजूला केलं, आणि लॅमिनेशन केलेला परवाना दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

"क्या है ये?"

"परमिट. महाराष्ट्र शासन. आजन्म."

त्यानं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "कायके वास्ते?"

"आरोग्य के वास्ते," दाजी म्हणाले. "तबियत के लिए सरकार देती है."

माणसाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं परवाना दाजींच्या हातात परत ठेवला, स्टुलावरून उठला आणि बाहेर येऊन रस्त्यापलीकडं बोट केलं.

"चचा, दवाखाना उदर है. इदर नक्को बैठो."