मोजणीवाले

कोकणात तिकाटणं लावून कोणी उभा राहिला की तो फोटोग्राफर असेल असं चटकन कोणाच्या मनात येत नाही. मोजणीला आलाय, असंच धरून चालतात. त्यात लोकांचं काही चुकत नाही. तीन पायांवर काहीतरी ठेवून, एक डोळा मिटून आपल्या जागेकडे टक लावून बघणारा शहरी माणूस त्यांनी आजवर पाहिला तो एक तर जमिनीची मोजणी करणारा, नाहीतर रस्ता रुंद करायला आलेला.

हरिहरेश्वरला देवळापासून जरा लांब, काळ्या खडकांच्या कडेला मी ट्रायपॉडचे पाय एकेक करून लांबवत होतो, तेव्हा असेच एक आजोबा मागे येऊन उभे राहिले. डोक्याला पांढरी टोपी, हातात गरीची दोरी, आणि सदऱ्याचं वरून दुसरं बटण तुटलेलं.

"रस्ता हिकडनं नेताय काय?"

"नाही हो. फोटो काढतोय."

"मग काढा की. मघाधरनं बघतोय, नुसते उभेच."

लाँग एक्स्पोजर या छंदाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. साध्या फोटोत कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या शंभराव्या, दोनशेव्या भागापुरता उघडतो; पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आमच्या पंथात तो तीस सेकंद, दोन मिनिटं, कधी चार मिनिटं उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात जे जागचं हललं नाही ते स्पष्ट येतं, जे हललं ते पुसट येतं, आणि जे घाईघाईनं समोरून गेलं ते आलंच नव्हतं.

दिवसाउजेडी एवढा वेळ पडदा उघडा ठेवला तर फोटो पांढराफटक होणार. म्हणून लेन्सपुढे काळी काच लावतात. तिला एनडी म्हणतात. दहा स्टॉपची काच घेतली तर उजेड निम्मा, त्याचा निम्मा, असा दहा वेळा निम्मा होतो, म्हणजे १०२४वा हिस्सा उरतो. जिथं १/३० सेकंद पुरला असता तिथं आता ३४ सेकंद लागतात. ही काच इतकी काळी असते की ती लावल्यावर कॅमेराही चाचपडायला लागतो. म्हणून आधी फोकस करायचा, मग फोकस मॅन्युअलवर टाकायचा, आणि त्यानंतरच काच चढवायची. हा क्रम मी आता मोठ्या ऐटीत सांगतो. शिकलो मात्र उलटीकडून. पहिल्या वर्षीचे माझे सगळे सूर्यास्त धुकं पडल्यासारखे दिसतात, आणि पाहुण्यांना मी ते धुकंच म्हणून दाखवतो.

बाकीची तयारी म्हणजे निव्वळ धास्ती आहे. बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. मागच्या भिंगातून उजेड आत शिरतो, म्हणून त्यावर टोपी. वाऱ्यानं ट्रायपॉड थरथरू नये म्हणून मधल्या आकड्याला पिशवी अडकवायची, पण ती जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर तीच झोके घेते. ओल्या वाळूत असाल तर ट्रायपॉडचे पाय आधी दाबून रुतवायचे, कारण प्रत्येक लाटेबरोबर ते आपण होऊन रुततात, आणि तेही नेमके पडदा उघडा असताना. लेन्समधलं हलणं सावरणारं यंत्र बंद करायचं. कॅमेरा पक्का बसलेला असताना ते बिचारं नसलेली थरथर शोधत राहतं आणि स्वतःच चित्र हलवतं. आमच्या शेजारी निवृत्त झालेले एक हेडमास्तर होते, त्यांची मला यावरून हमखास आठवण येते.

एवढं सगळं झालं की बटण दाबायचं, आणि मग करायला काही नसतं.

हे 'काही नसतं' फार अवघड आहे. हात मागे बांधावेत तर पाहणीला आलेल्या पुढाऱ्यासारखं वाटतं, पुढे बांधावेत तर श्रद्धांजली वाहिल्यासारखं. मोबाइल काढला तर त्याचा उजेड पडायची भीती. बायकोचं यावर एक वाक्य आहे, ते ती माणसं जमली की म्हणते: "गॅसवरच्या दुधापुढे याला दोन मिनिटं उभं राहवत नाही, आणि समुद्रापुढे चार मिनिटं श्वास रोखून उभा!" तिला मी अजून उत्तर देऊ शकलेलो नाही. दूध उतू जातं, समुद्र जात नाही, असं म्हणून पाहिलं होतं. पुढे काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पडदा मिटल्याचा बारीक आवाज झाला. आजोबा पुढे सरकले.

"झाला?"

"नाही. अजून तीसेक सेकंद."

"आत्ता काढलात ना?"

"काढला. आता कॅमेरा डोळे मिटून दुसरा काढतोय. काळा."

"काळा कशाला?"

आता हे सांगायचं कसं? पडदा फार वेळ उघडा राहिला की आतला सेन्सर तापतो आणि नसलेले रंगीत ठिपके फोटोत उमटवतो. म्हणून कॅमेरा तेवढाच वेळ पडदा मिटून दुसरा फोटो घेतो. त्यात फक्त ठिपकेच येतात. मग ते तो पहिल्या फोटोतून वजा करतो. चार मिनिटांचा फोटो काढला तर पुढची चार मिनिटं कॅमेरा तुम्हाला ओळखही देत नाही. मी हातवारे करून समजावू लागलो. आजोबांनी मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे मासळी तोलायच्या आधी मोकळी पाटी तोलतात, तसंच की."

मी या विषयावरच्या दोन कार्यशाळांना पैसे भरून गेलो होतो. दोन्हीकडे हा मुद्दा अर्धा अर्धा तास चालला होता.

आजोबा मग समोरच्या खडकावर जाऊन बसले, गरी पाण्यात सोडली, विडी पेटवून ओठांत धरली आणि गप्प झाले. माझ्या चौकटीत डाव्या कोपऱ्यात ते आले होते. त्यांना उठवायचा मला धीर झाला नाही. खरं तर जागा त्यांचीच होती.

उभ्या उभ्या माझं मन भरकटायला लागलं. या छंदात वेळ एवढा मोकळा मिळतो की माणूस जुने गुन्हे आठवत बसतो. माझा सर्वांत मोठा गुन्हा भंडारदऱ्याचा. मेअखेरीला, पहिल्या पावसाच्या तोंडावर तिकडची झाडं काजव्यांनी लुकलुकतात, आणि त्या झाडांसमोर ट्रायपॉडांची रांग लागते. त्या अंधारात मी वायर शोधायला डोक्यावरची बॅटरी लावली. पांढरी, लख्ख. माझा फोटो गेलाच, शेजारच्या तिघांचेही गेले. तिघंही पुण्याचे असल्यामुळे आवाज न चढवता बोलले, त्यामुळे ते जास्त लागलं. माणसांचं एक वेळ जाऊ दे. काजव्यांच्या नर-मादीचं सगळं बोलणंच उजेडातून चालतं. दोघांचं जमत आलेलं असताना मध्येच कोणीतरी मंडपाचे दिवे लावावेत, तसं मी केलं होतं.

काजव्यांच्या फोटोंबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे. तीस-तीस सेकंदांचे शंभर फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे, मग झाडावर पान दिसत नाही इतके काजवे दिसतात. तिथं उभं राहिल्यावर जे दिसतं ते असं नसतं. ते पेटतं, विझतं, आणि मधल्या अंधारात आपण वाट बघतो. फोटोत वाट बघणं गायब होऊन नुसती खानेसुमारी उरते. अर्थात हे म्हणायचा मला अधिकार नाही, कारण मीही समुद्राचं दूध करतच होतो.

"साहेब, आज तिथी कुठली?" आजोबांनी मान न वळवता विचारलं.

मला तिथी फक्त संकष्टीला कळते, तीही साबुदाणा भिजवलेला दिसला तर.

"दशमी," तेच म्हणाले. "दहाची पाऊणपट करा."

"साडेसात."

"मग साडेसातला पुरी भरती. आता किती वाजलं?"

पावणेसात वाजले होते. ट्रायपॉडचा एक पाय ज्या खडकावर होता त्याच्या अलीकडे पाणी आलं होतं, आणि मी पिशवी ठेवली होती ती खळगी आता खळगी राहिली नव्हती. भरतीच्या वेळेसाठी मोबाइलमध्ये मी खास ॲप घेतलं आहे. तिथं रेंज नव्हती. नंतर पाहिलं तर त्यातल्या वेळेत आणि आजोबांच्या हिशेबात फार फरक नव्हता. तिथीची पाऊणपट की भरतीची वेळ, हा ठोकताळा आपल्या किनाऱ्यावर जुना आहे. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची. दशमीची त्या मानानं भांगाची, बेताची. पण बेताच्या भरतीनंही चपला बेतानं जात नाहीत. माझी एक गेली.

शेवटचा एक म्हणून मी बटण दाबलं आणि त्याच वेळी माझे दोन भाचे "मामा, भजी आलीऽ" असं ओरडत चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले. परत पळाले. एकानं मध्येच थांबून माझी चप्पल वाहत जाताना पाहिली, दुसऱ्याला दाखवली, आणि दोघं पुन्हा पळाले. ३४ सेकंद, आणि पुढचे ३४. मी हताशपणे पाहत राहिलो.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो उमटला. भाचे त्यात नव्हतेच. एकही नाही, सावलीसुद्धा नाही. लाटा विरून नुसतं पांढरं धुकं झालं होतं आणि त्यातून काळे खडक डोंगरांच्या शेंड्यांसारखे वर आले होते. डाव्या कोपऱ्यात मात्र आजोबा होते. टोपीच्या घडीसकट. विडीचं टोक एकाच जागी लाल ठिपका. फोटो मोठा करून पाहिला तर तुटलेल्या बटणाच्या जागी लोंबणारा दोरा दिसत होता.

१८३८ मध्ये, फोटोग्राफीच्या अगदी आरंभी, दागेर या फ्रेंच माणसानं पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून रस्त्याचा फोटो घेतला. बुलेव्हार दु ताँप्ल म्हणून तो प्रसिद्ध आहे. तेव्हाच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत सगळा ओसाड. घोडे, गाड्या, माणसं कोणीच टिकलं नाही. कोपऱ्यात एकच माणूस उरला, बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय वर ठेवून उभा असलेला. माणूस दिसणारा जगातला सर्वांत जुना फोटो म्हणून तोच सांगतात. त्या माणसाचं नाव कोणालाच माहीत नाही. पॉलिश करणारा पुसटच आला, कारण त्याचे हात चालू होते.

मी आजोबांना फोटो दाखवला. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांपासून लांब केला, जवळ आणला. स्वतःकडे पाहून मान हलवली. मग बराच वेळ बाकीचा फोटो निरखत राहिले.

"माणूस बेस आलाय," म्हणाले. "पण पाणी कुठाय? भरतीच्या वक्ताला काढलात नि पाणीच नाय?"

"आहे ना आजोबा. हे पांढरं दिसतंय ते पाणीच."

"ह्ये?" त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्या उरलेल्या एका चपलेकडे. काही बोलले नाहीत. गरी गुंडाळली, कॅमेरा परत दिला आणि वाटेला लागले.

तिकडे जाणार असाल तर तिथीची पाऊणपट करून निघा, काच लावायच्या आधी फोकस करा, आणि चपला वर ठेवा.