पुतळा व्हायचंय? नवशिक्यांसाठी सूचना

पुण्यात पुतळा होण्याचा राजमार्ग घोड्यावरून जातो. त्याचं माप बघायचं असेल तर शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये जावं. तिथे नानासाहेब करमरकरांनी केलेला, एकसंध ओतलेला, १९२८ चा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा आहे. चौथऱ्याखाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघा आणि घोड्याचा नाद सोडा.

लेखणी चालते, पण जोखीम आहे. संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा जानेवारी २०१७ मध्ये रातोरात उखडून मुठेत टाकला गेला. लाल महालातून दादोजी कोंडदेव २०१० मध्ये हलले, तेही रात्रीच. इथल्या पुतळ्याला जागरणाची सवय हवी.

सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे काहीही पराक्रम न करणं. सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ उभा आहे. पात्रता एवढीच, की १९५१ पासून वर्तमानपत्रात हजर राहायचं, सगळं बघायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पोशाख चौकड्यांचा कोट आणि धोतर. चष्मा नाकावर, टकलाच्या कडेने उरलेसुरले केस. तलवार नाही, उगारलेलं बोट नाही. तरी २००१ मध्ये अनावरणाला थेट राष्ट्रपती के. आर. नारायणन आले.

आडनाव मात्र लावू नका. आडनाव कळलं की पुणेकर पुढचं सगळं स्वतःच ठरवतो आणि मग कुणाच्या तरी भावना दुखावतात. जयंती-पुण्यतिथीही नको, म्हणजे क्रेनने हार चढवणं टळतं, मांडव टळतो, लाउडस्पीकर टळतो.

उंचीत मात्र घोळ झालाय. सामान्य माणूस आणि दहा फूट! बघणाऱ्याला मान वर करायला लावायची जुनी खोड इथेही सुटलेली नाही, असं माझं मत. पण साडेपाच फुटी केला असता तर लोक त्यालाच ‘कोथरूडची बस इथेच थांबते का?’ विचारून पुढे गेले असते, हेही खरं.

एक प्रसंग अवघड असतो, त्याची तयारी ठेवा. जानेवारी २०१५ मध्ये लक्ष्मण पुण्यातच गेले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी पार्थिव याच पुतळ्यापाशी ठेवलं होतं. आपल्याला घडवणाऱ्याला निरोप द्यायची वेळ पुतळ्यावर सहसा येत नाही. आली तर गप्प राहायचं.

नमुना बघायला जाल तेव्हा फाटकावर ‘कुणाकडे काम आहे?’ असं विचारलंच, तर ‘सामान्य माणसाकडे’ म्हणा. वहीत खातं कोणतं लिहायचं, ते त्यांचं ते बघतील.