मानकपंत

जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळणाऱ्या, कुठल्याही ऑफिसात जा, एसीच्या बरोब्बर खालच्या टेबलाशी एक मानकपंत बसलेला असतोच. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असतं. समोर सगळे त्याला ‘सर’ म्हणतात आणि जागेवरून उठला की ‘मानकपंत’. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. सिव्हिलचा डिप्लोमा, मग ऑटोकॅड, मग टोपोशीटवरून रेघा गिरवत गिरवत डिजिटायझेशन, आणि अशातच कधीतरी हातात पडलेलं जीएमएल. काहींच्या आयुष्यात गुरू येतो, काहींच्या विपश्यना येते. मानकपंताच्या आयुष्यात चारशेहून जास्त पानांची एक पीडीएफ आलेली असते.

आमच्या पुण्याच्या ऑफिसातले पंत या जातिवंत नमुन्यांपैकी. जीएमएल म्हणजे जिऑग्राफी मार्कअप लँग्वेज. एका सॉफ्टवेअरमधली नकाशाची माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न सांडता जावी आणि त्यासाठी कुणा एका कंपनीच्या दारात उभं राहावं लागू नये, म्हणून ओजीसी या संस्थेनं २००० साली काढलेली, एक्सएमएलवर बेतलेली खुली भाषा. व्हँकुव्हरचा रॉन लेक हा तिचा जनक. २००७ साली ती आयएसओ १९१३६ झाली. पंतांना हे सगळं तोंडपाठ आहे. रॉन लेकचा विषय काढतात तो असा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा गृहस्थ सदाशिव पेठेत पंतांच्या वरच्या मजल्यावर राहायचा.

पंतांचा पहिला सिद्धान्त असा, की नदी म्हणजे रेघ नव्हे. नवी पोरं रुजू झाली की पंत त्यांना स्क्रीनवर एक निळी रेघ दाखवतात.

“हे काय आहे?”

“नदी, सर.”

“कशावरून?”

“निळी आहे ना.”

“आणि मी लाल केली तर? हायवे झाला?”

पोरगी गप्प. मग पंत खुर्ची पुढे ओढतात. “अगं, नदीला नाव असतं, रुंदी असते, पूररेषा असते. तशीच तिला एक भूमितीही असते. रेघ हा नदीचा एक गुणधर्म झाला. रंग तर तोही नाही, तो बघणाऱ्यानं आपापला भरावा. जीएमएल वस्तू काय आहे ते सांगतं, दिसते कशी ते नाही.” हे अगदी खरं आहे, आणि जीएमएलचं सगळं मोठेपण यातच आहे. आता आमच्या खिडकीतून उन्हाळ्यातली मुठा दिसते. तिच्याकडे पाहून, रेघ हाच एक गुणधर्म शिल्लक राहिलाय की काय अशी शंका येते, पण ते असो.

या भाषेची शिस्त कडक. वस्तूचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायचं आणि गुणधर्माचं लहान अक्षरानं. वस्तूच्या आत थेट दुसरी वस्तू कोंबायची नाही, मध्ये गुणधर्माची पायरी हवीच. आणि जो टॅग उघडला तो बंद करायचाच, तोही उलट्या क्रमानं. पंतांचं बोलणंही आता याच वळणावर गेलंय. जेवणाच्या सुट्टीत सुरू करतात, “काल बँकेत गेलो. बँकेत काउंटर. काउंटरवर बाई. बाईंकडे केवायसीचा फॉर्म. फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना.” रकान्यात काय घोळ झाला ते दोन वाक्यांत सांगून होतं. पण पंत तिथे थांबत नाहीत. रकाना मिटवतात, फॉर्म मिटवतात, बाईंना निरोप देतात, काउंटर सोडतात, बँकेतून बाहेर पडतात आणि मगच पोळीचा तुकडा मोडतात. ऐकणाऱ्यांचे डबे तोवर धुऊन झालेले असतात.

घरीही काही वेगळं नाही. मुलगी सहावीत असताना तिनं विचारलं होतं, “बाबा, त्रिकोणाला बिंदू किती?” पंत म्हणाले, “चार.” जीएमएलमध्ये बहुभुजाची कड ही बंद कडी असते. पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहावा लागतो, त्यामुळे चाराच्या खाली कडी होतच नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, तिला शाळेच्या पुस्तकातलं सांगा, तुमच्या पुस्तकातलं नको.” पंतांनी तडजोड केली. बिंदू तीन, नोंदी चार. मुलीनं पेपरात दोन्ही लिहिलं. पुढे ती कॉमर्सला गेली.

ओळखक्रमांक हा पंतांचा आणखी एक हळवा कोपरा. जीएमएलमध्ये एका वस्तूला नावं कितीही देता येतात, पण फाइलमध्ये तिची ओळख एकच, आणि त्या ओळखीचं पहिलं अक्षर आकडा असून चालत नाही. आता पुण्यातली मिळकत ओळखायची सीटीएस नंबरनं, गावाकडची जमीन गट नंबरनं. दोन्ही आकड्यांनी सुरू होणारी, वर पोटहिश्श्याची तिरकी रेघ. तीही तिथे निषिद्ध. म्हणजे सातबाऱ्यावरचा एकही नंबर जसाच्या तसा या भाषेच्या उंबऱ्यातून आत येत नाही. पंत प्रत्येकाच्या आधी अक्षरं जोडतात, तिरक्या रेघेच्या जागी खालची रेघ घालतात, आणि मूळ नंबर जिथे शोभेल तिथे, गुणधर्मात, सन्मानानं बसवतात. हे काम ते ट्रेनी पोरांना देत नाहीत, स्वतः करतात.

पण पंत खरे खुलतात ते अक्षांश-रेखांशाच्या भांडणात. हे भांडण जगभर चालू आहे. प्रोग्रामर मंडळींना आलेखाची सवय, त्यामुळे आडवा आकडा आधी, म्हणजे रेखांश आधी. सर्व्हेवाले आणि दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या अक्षांश आधी सांगत आलेले. जीपीएसचे आकडे ज्या निर्देशांक-प्रणालीत येतात तिचा, अशा प्रणालींच्या ईपीएसजी नावाच्या नोंदवहीतला, क्रमांक ४३२६, आणि नोंदवहीत तिचा क्रम अक्षांश आधी असा आहे. तरी प्रणालीचं नाव आखूड पद्धतीनं लिहिलं तर कित्येक सॉफ्टवेअरं रेखांश आधी धरतात. तेच नाव लांबलचक यूआरएन पद्धतीनं लिहिलं की नोंदवहीप्रमाणे अक्षांश आधी. आकडे तेच, जागा तीच, फक्त नाव पूर्ण घेतलं की क्रम फिरतो.

एका ट्रेनी मुलानं याच फेऱ्यात एका प्रभागातली ड्रेनेजची सगळी चेंबरं उलटी भरली. पुणं असतं साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व इथे. उलटवलं की होतं ७३.८६ उत्तर, १८.५२ पूर्व. फाइल उघडली तर शनिवार पेठेची चेंबरं नॉर्वेच्याही वर, बेअर आयलंडच्या खालच्या अंगाला समुद्रात. पोरगा पांढराफटक. पंतांनी मात्र सगळ्यांना हाका मारून बोलावलं. चेहऱ्यावर राग नाही, उलट कित्येक वर्षांनी योग आल्याचा आनंद. भराभर एकेक शहर उलटं करून दाखवायला लागले. मुंबई नॉर्वे आणि बेअर आयलंडच्या मध्ये पाण्यात, कोल्हापूर बेटाच्या पश्चिमेला, नागपूर थेट स्वालबार्डच्या बर्फात. “बघा! अख्खा महाराष्ट्र उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागला, आणि कशापायी? नाव आखूड लिहिलंत म्हणून!” मागच्या रांगेतून एक नागपूरकर म्हणाला, मे महिन्यापुरतं तसंच राहू द्या सर.

नव्या पिढीचा ओढा अर्थातच जिओजेसन या दुसऱ्या खुल्या मांडणीकडे. सुटसुटीत, हलकं, वाचायला सोपं. २०१६ सालच्या आरएफसी ७९४६ या मानकात जिओजेसनवाल्यांनी रेखांश आधी म्हणून निकाल लावून टाकला आणि प्रणालीही एकच ठेवली, डब्ल्यूजीएस ८४. त्यांच्यापुरतं भांडणच मिटलं. माझा कल विचाराल तर रोजच्या वेब नकाशाला मीही तेच वापरतो. जीएमएलमध्ये एक बिंदू पाठवायचा म्हणजे दोन आकड्यांभोवती इतके टॅग, की आकडे शोधायला बोट लागतं. पंतांचं बोट म्हणूनच कायम स्क्रीनवर असतं. काचेवर उजवीकडे वर त्यांचा एक कायमचा ठसा आहे.

पण मग जुना डेटा येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट पृथ्वीच्या एव्हरेस्ट नावाच्या गोलाभावर बेतलेल्या, जीपीएस वेगळ्या गोलाभावर. दोन्ही एकाच मापाचे समजून एकावर एक ठेवलं तर विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते, आणि आपल्याकडे विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाणं हा सॉफ्टवेअरचा प्रश्न राहत नाही. जीएमएलमध्ये भूमितीबरोबर तिची प्रणालीही लिहून ठेवता येते. हे आकडे कुठल्या मापाचे, ते आकड्यांसोबतच प्रवास करतं. अशा वेळी जिओजेसनवाले एकेक करून एसीखालच्या टेबलाशी येऊन उभे राहतात. पंत लगेच वर बघत नाहीत. हातातला टॅग बंद करतात आणि मग बघतात.

केएमएलचा विषय त्यांच्यासमोर काढू नये. गूगलनं २००४ साली कीहोल ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर तिचं नकाशे दाखवायचं केएमएल आलं, आणि जो तो आपल्या सहलीचा नकाशा काढायला लागला. पिनेचा रंग, रेघेची जाडी, फुग्यातला मजकूर. पंतांच्या मते निव्वळ नटवेपणा. ओजीसीनंच २००८ साली त्याला मानक म्हणून मान्यता दिली, तेव्हा पंत आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत म्हणतात. सिटीजीएमएलवर मात्र त्यांची माया. ते जीएमएलच्याच पोटचं, शहरांच्या त्रिमितीय नकाशांसाठीचं. इमारत आधी नुसता ठोकळा, मग छप्पर, मग दारंखिडक्या, अशा पायऱ्यांनी तपशील वाढत जातो. मेव्हण्यानं नवीन फ्लॅटचं वर्णन करताना बाल्कनीतून सुरुवात केली, तर पंतांनी त्याला हात दाखवून थांबवलं. आधी ठोकळा सांग म्हणाले.

मागच्या पावसाळ्यात एका युरोपियन क्लायंटची पाइपलाइनची डिलिव्हरी होती. करारात स्पष्ट लिहिलेलं, जीएमएल ३.२. युरोपात इन्स्पायर नावाच्या २००७ सालच्या निर्देशामुळे सरकारी भूमाहितीत या भाषेला मान आहे, तेव्हा पंतांना हे माहेरचं काम. प्रत्येक वाहिनी, प्रत्येक झडप स्कीमाशी, म्हणजे नियमांच्या आराखड्याशी, ताडून व्हॅलिडेट करून घेतली. शेवटची चूक निघाली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, आणि पंतांनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना वडापाव आणला. फाइल गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आली. काम उत्तम झालंय, आभार, आता हेच शेपफाइलमध्ये पाठवता येईल का?

ऑफिसात कुणी हसलं नाही. शेपफाइल म्हणजे नव्वदच्या दशकातलं खोड. नावाला एक फाइल, प्रत्यक्षात तीन-चार, आणि रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जातच नाही. रूपांतर करायला अर्धं मिनिट लागलं. पंतांनी निगुतीनं ठेवलेली लांब, अर्थपूर्ण नावं दहाव्या अक्षराशी कचाकच तुटली. वाहिनीचा अंतर्गत व्यास आणि वाहिनीचा अंतर्गत दाब दोघांचं आखूड नाव एकच झालं, तेव्हा सॉफ्टवेअरनं दुसऱ्याच्या शेपटीला १ लावून दिला. पंत बघत होते. “पाठवा,” एवढंच म्हणाले.

आठवडा उलटल्यावर क्लायंटचं पत्र आलं. शेपफाइल चालली, टीम ती वापरतेय, आणि जीएमएल आम्ही अभिलेखागारात ठेवलंय. आम्ही पंतांकडे बघायचं टाळलं. पंतांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वाचलंत? शेपफाइल वापरतायत. जीएमएल जपून ठेवलंय!”

आणि लगेच उत्तर लिहायला बसले. ठेवण्याआधी फाइल तुमच्या बाजूनं व्हॅलिडेट करून घेतलीत ना, असं विचारणारं.