आठातले दोन खरे

काकांच्या मोटारहोमला चाकं सहा आणि त्यांवरच्या शोभेच्या चकत्या चार. मागे दोन्ही अंगांना चाकांच्या जोड्या असतात. जोडीतलं आतलं चाक कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला नटवायचं कशाला? हा हिशेब काकांनी मला फिनिक्सच्या विमानतळावरून घरी नेताना समजावून सांगितला. पुण्याला सगळे कसे आहेत, हे विचारायचं त्या भरात राहून गेलं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत काकांसारखा गृहस्थ प्रत्येक गावात एखादा तरी सापडतो. सत्तरच्या दशकात दोन बॅगा घेऊन आलेला इंजिनियर. पहिल्यांदा नळ गळला तेव्हा प्लंबरचा तासाचा दर ऐकून त्याने मनातल्या मनात रुपये केले आणि हातात पाना घेतला. पुढे पगार वाढला, रुपये करायची सवय गेली. पाना राहिला. निवृत्तीनंतर त्या पान्याला पुरेल एवढं काम हवं म्हणून काकांनी मोटारहोम घेतलं. फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेलं वन रूम किचनच ते: शेगडी, फ्रीज, संडास, मागे पलंग. काका त्याला ‘गाडी’ म्हणतात. काकू ‘तुमचा वाडा’ म्हणतात.

यंदा वाड्याचे टायर बदलायचे होते. नक्षी अगदी नव्यासारखी होती, कारण वाडा वर्षातून दोनदाच हलतो. पण काका नक्षी बघत नाहीत, जन्मतारीख बघतात. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. ॲरिझोनाच्या उन्हात नुसतं उभं राहूनही रबर वाळतं, चिरा पडतात. काकूंचा वाढदिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे तेविसाव्याच. त्यामुळे यंदा तोही काकांच्या लक्षात राहिला.

टायरच्या दुकानात जाण्याआधी काकांनी चारही चकत्या घरीच उतरवल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळून पलंगावर ठेवल्या. दुकानातल्या विशीतल्या पोराला त्यांनी बजावलं, ‘‘टायर तुम्ही लावा. चकत्या मी लावीन.’’ ज्याच्यावर आमचे सगळ्यांचे जीव अवलंबून, ते काम परक्या पोराकडे; आणि ज्याच्यावर काहीच अवलंबून नाही, ते स्वतःकडे! मी तसं बोलून दाखवलं. काका म्हणाले, ‘‘अरे, टायर लावणं हे त्याचं रोजचं काम आहे. चकतीतली मेख त्याला ठाऊक नाही.’’

मेख अशी. मूळ चाक साधं पोलादी, जरा गंजलेलं. त्यावर ही चकचकीत स्टेनलेस स्टीलची चकती बसते आणि ‘मीच चाक’ म्हणून मिरवते. तिच्यावर आठ नट दिसतात. त्यांतले सहा प्लॅस्टिकचे, नुसते शोभेचे. दोनच खरे, तेच चकती धरून ठेवतात. घाईत एखाद्याने खोट्या नटाला पाना लावला, तर नटच मोडून हातात येतो. मला आपल्याकडची लग्नघरं आठवली. शेले मिरवत आठजण धावपळ करताना दिसतात, पंगत मात्र दोघेच उठवतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला काकांनी मला उठवलं. ऊन चढलं की स्टीलला हात लावता येत नाही. चकतीची कड धारदार, म्हणून हातमोजे. ठोकताना पोचा येऊ नये, म्हणून रबरी हातोडा. चकत्यांच्या पाठीवर काळ्या शाईत लिहिलेलं होतं: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. तलाठ्याच्या दप्तरात शोभेल असं. मागच्या चकतीची भोकं व्हॉल्वसमोर आली नाहीत, तर आतल्या टायरला हवा भरता येत नाही. म्हणून मी गुडघ्यांवर बसून भोकातून डोळा लावायचा आणि काकांनी चकती फिरवायची. ‘‘दिसला का?’’ ‘‘अर्धा दिसतो.’’ ‘‘अर्ध्यात हवा जाते का?’’ चार चकत्यांना अडीच तास लागले. काकूंनी तेवढ्यात पोहे दोनदा गरम केले.

समोरचा अमेरिकन शेजारी कुत्रा फिरवताना थांबला. या चकत्यांनी गाडी जास्त पळते का, असं त्याने विचारलं. ‘‘नाही,’’ काका म्हणाले, ‘‘उभी छान राहते.’’

त्याच दिवशी ग्रँड कॅन्यनला निघालो. वाटेत फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ म्हणजे ३३० मीटरवरून २१०० मीटरवर चढणं. कँप व्हर्डेजवळ काकांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, चहा. काका पाना घेऊन उतरले.

‘‘चाक काढून बसवलं की १०० मैलांच्या आत नट पुन्हा आवळून बघायचे असतात. पुस्तकात लिहिलंय.’’

‘‘पण चाकाचे नट तर चकतीच्या आत आहेत!’’

‘‘म्हणून तर चकती काढायची.’’

अडीच तास बसवलेल्या चारही चकत्या रस्त्याकडेला पुन्हा उतरल्या. काकू डब्यातल्या दशम्या काढून निवांत जेवायला बसल्या. हा मुक्काम त्यांच्या हिशेबात होताच. काकांनी टॉर्क रेंच १४० फूट-पाउंडांवर लावला आणि एकेक नट तपासू लागले. नट पुरेसा घट्ट असला की रेंच ‘कट्’ करतो. पु.डा.चे आठ कट्, पु.उ.चे आठ कट्. मी सावलीत उभा राहून पुण्यात सांगायला किस्सा मिळाला म्हणून मनात वाक्यं जुळवत होतो.

मा.डा.च्या पाचव्या नटाला कट् झालं नाही. रेंच सरकला. पाव वेढा.

आतलं आणि बाहेरचं, दोन्ही चाकं त्याच आठ नटांवर असतात. काका काही बोलले नाहीत. उरलेले नट तपासले, चकत्या बसवल्या, त्यांचे खरे नट आवळले. निघताना मात्र रुमाल काढून प्रत्येक चकतीचे सहा खोटे नट पुसले.

मी माझी वाक्यं मनातल्या मनात खोडली आणि भोकातून डोळा लावून व्हॉल्व नीट समोर आलाय ना, ते बघितलं. पूर्ण दिसत होता.