आभाळातली पंगत

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे विमानतळ पाच हजारांच्या आसपास, आणि कंट्रोल टॉवर मात्र पाचशेच्या घरात. उरलेल्या ठिकाणी एक धावपट्टी, एक विंडसॉक आणि वैमानिकांचा परस्परांच्या शहाणपणावरचा विश्वास, एवढ्या भांडवलावर कारभार चालतो. उतरण्याआधी धावपट्टीभोवती लांबट चौकोनी फेरी मारायची. तिला तिकडे पॅटर्न म्हणतात, आपल्याकडे सर्किट. वेगळी खूण नसेल तर वळणं डावीकडे घ्यायची, हा नियम आहे. फेरी किती उंचीवरून मारायची, हा मात्र सल्ला. सल्ला म्हटला की घेणारे कमी आणि त्याचा अर्थ लावणारे फार.

तिथल्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, पंगत मांडली आहे ती अशी: प्रोपेलरवाली विमानं जमिनीपासून 1000 फुटांवर, मोठी आणि टर्बाइनवाली 1500 फुटांवर, हेलिकॉप्टरं साधारण 500 फुटांवर. कागदावर काही खोट काढता येत नाही. घोळ होतो तो पाहुणे आल्यावर.

आता ‘मोठं’ म्हणजे केवढं? व्याख्येनुसार 12,500 पौंडांहून, म्हणजे सुमारे 5,670 किलोंहून जास्त वजन घेऊन उडू शकणारं. 1935 साली पहिल्यांदा उडालेली डीसी-3 घ्या. जुनी पिस्टन इंजिनं, दोन प्रोपेलर, चाल आजीबाईंची. पण वजन 25,200 पौंडांपर्यंत, म्हणून आजीबाई जेटच्या पंगतीला. सेसना कॅरॅव्हॅन नऊ हजार पौंडांच्या आतली, नाकावर एकच पंखा, स्वभाव टेम्पोचा. पण तो पंखा फिरवतं टर्बाइन, म्हणून टेम्पोचंही पान वरच. उलट दोन पिस्टन इंजिनांचं, कॅरॅव्हॅनला सहज मागे टाकणारं सेसना 340 खाली हजारावर, शिकाऊ पोरांच्या 110 अश्वशक्तीच्या सेसना 152 शेजारी. इथे मान वेगाला नाही, वजनाला आणि इंजिनाच्या घराण्याला आहे.

हे शेजारपण किती महाग पडतं ते कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविलला 18 ऑगस्ट 2022 रोजी दिसलं. विमानतळ बिनटॉवरचा. 152 पॅटर्नमध्ये होतं आणि 340 फेरी न मारता सरळ, कितीतरी जास्त वेगाने उतरायला आलं. दोन्ही वैमानिक रेडिओवर आपापली जागा सांगत होते. टक्कर झाली आणि तीन माणसं गेली.

विमानतळाच्या पलीकडल्या बाजूने येणाऱ्याची गोष्ट आणखी न्यारी. एफएएचं पाठ्यपुस्तक सांगतं, धावपट्टी ओलांडताना पॅटर्नच्या किमान 500 फूट वर राहा. हजार अधिक पाचशे किती होतात ते तिसरीतलं पोरही सांगेल. म्हणजे हजारवाल्यांना चुकवायला गेलेला गडी थेट जेटवाल्यांच्या ताटात पाय देतो. पुस्तकाला हे ठाऊक आहे, म्हणून ते पुढे म्हणतं: तिथे मोठी किंवा टर्बाइनवाली विमानं येत असतील, तर आपलं 2000 फुटांवर राहिलेलं बरं. ती आज येताहेत का, हे कळायचं रेडिओवरून. आणि अशा बहुतेक विमानतळांवर रेडिओ सक्तीचा नाही. पायपर कब हे जुनं पिवळं विमान तर मूळचं विजेशिवायचं. दार उघडं टाकून ते मजेत विहरत असतं, त्याला कोण विचारणार?

त्यात फूट मोजायचे कुठून? अल्टिमीटर दाखवतो समुद्रसपाटीपासूनची उंची, सल्ला दिलेला असतो जमिनीपासूनचा. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची धावपट्टीच 9,900 फुटांहून उंच. तिथे हजार फूट वर जायचं तर काटा अकरा हजाराला टेकायला येतो. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकची धावपट्टी समुद्रसपाटीच्या 210 फूट खाली. तिथे हजाराचा पॅटर्न म्हणजे काट्यावर 790. दर 56 दिवसांनी निघणाऱ्या सरकारी पुस्तिकेत विमानतळागणिक आकडे असतात. पुस्तिका उघडली नाही, तर वैमानिक एका आकड्यावर आणि पॅटर्न दुसऱ्यावर.

विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला मात्र उन्हाळी विमानजत्रेत वेगळा हिशेब लागतो. 90 नॉट वेगाने येणारे काट्यावरच्या 1,800 फुटांवर, एवढं सावकाश उडणं ज्यांना झेपत नाही असे भरधाव गडी 135 नॉटने 2,300 फुटांवर. तिथे उंची ठरते वेगावरून. रिपनहून रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक विमान फिस्क नावाच्या खेड्याकडे येतं. खाली माळावर दुर्बिणी घेतलेले कंट्रोलर रंग आणि बनावट ओळखून हाक मारतात. वैमानिकाने उलट बोलायचंही नसतं. पंख हलवायचे, की खालून रेडिओवर शाबासकी येते आणि कुठल्या धावपट्टीकडे वळायचं तेही कळतं.