स्पॅनर मामा

नवरात्र सरलं की पुण्याचा माणूस छत्री माळ्यावर टाकतो. चेन्नईचा मराठी माणूस नेमकी तेव्हाच ती खाली काढतो. आपला पाऊस परत निघाला की इकडचा येतो. तो ईशान्येकडून, साधारण २० ऑक्टोबरच्या आगेमागे हजर होतो आणि वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटरपैकी निम्म्याहून जास्त पाणी डिसेंबरअखेर ओतून मोकळा होतो. इथला हिवाळा म्हणायचा तो हाच. थंडी म्हणाल, तर पारा विशीत आला की वॉचमन माकडटोपी चढवतो, एवढीच.

या हिवाळ्याशी दोन हात करायला पश्चिम मांबलमच्या प्रत्येक इमारतीत एक गृहस्थ सज्ज असतो. वय पासष्टच्या पुढे, शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत झालेली आणि सगळा जीव पान्यात. तमिळ शेजारी समोर ‘मामा’ म्हणतात, माघारी ‘स्पॅनर मामा’. पैसे वाचवण्यासाठी ते घरची दुरुस्ती स्वतः करतात, असा गैरसमज नको. रिची स्ट्रीटवर तासभर घासाघीस करून सत्तर रुपयांचा कंडेन्सर साठला आणायचा आणि येण्याजाण्याच्या रिक्षाला तीनशे मोजायचे, यात बचत कसली? आपल्या घरातलं यंत्र परक्या माणसाने उघडावं, हे त्यांना सोसत नाही, इतकंच.

मुहूर्त खंडेनवमीचा. इथे ती आयुधपूजा. रिक्षापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना गंधकुंकू लागतं, चुरमुरे वाटले जातात. मामा पाटावर पाने, पकडी, टेस्टर आणि एम-सील मांडतात. काकू फ्रिजला कुंकू लावतात आणि दोन क्षण जास्तच हात जोडून उभ्या राहतात. त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय, हे त्यांना ठाऊक असतं.

पूजेनंतर गच्ची. पाइपांच्या तोंडावरची पानं, पतंग, कुणाचा तरी मोजा. मग पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा. २००३ साली तमिळनाडूने तो घरोघरी सक्तीचा केला, पण त्यातली खडी-वाळू उपसून धुवायची सक्ती मामांनीच शेजाऱ्यांवर केली. २०१५च्या डिसेंबरात शहर बुडालं, पुढच्याच वर्षी १२ डिसेंबरला वरदा वादळ आलं. ही दोन नावं मामा खिशातून ओळखपत्र काढावं तशी काढतात. मग कुणाची ‘उद्या बघू’ म्हणायची छाती होत नाही.

इन्व्हर्टरच्या बाबतीत मात्र त्यांना मानलं पाहिजे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंतच, एक थेंब वर नाही. टोकांवरचा हिरवट-पांढरा थर सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसायचा, वरून व्हॅसलीन. हे सारं बिनचूक. पण बॅटरी परत जोडताना एक नट हमखास उरतो. ‘कंपनीवाले जास्तीचे देतात,’ असं त्यांचं मत आहे.

फ्रिजच्या दाराचं रबर तपासायला ते शंभराची नोट दारात अडकवून ओढतात. सहज निसटली तर रबर सैल. नोट ओढायच्या आधी फोन वाजला तर ती काकूंची. गळती पकडणारा ब्रेकर तपासायचा म्हणून टेस्टचं बटण दाबतात, सगळं घर काळोखात जातं, आतून मालिका अर्धवट राहिल्याची किंकाळी येते आणि मामा आनंदाने ओरडतात, “चालतोय!”

चालतं सगळंच, फक्त चालवायची रीत ज्याची-त्याची. गीझर लावायचा तर आधी बेसिनचा नळ सोडा. वॉशिंग मशीनचं झाकण गुडघ्याने दाबून धरा. हॉलचा पंखा तीनवर सुरू करून मग दोनवर आणा, थेट दोनवर नको. पाहुण्यांना आंघोळीआधी पाच मिनिटांचं शिबिर असतं. मामा चार दिवस पुण्याला गेले की घर मुकं होतं.

गेल्या पावसाळ्यात ते असेच गेले होते आणि पाण्याची मोटार बसली. काकूंनी गुपचूप मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण काढलं, आत सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन रंगांची टेप आणि आइस्क्रीमची काडी पाहिली आणि उकिडवा बसून राहिला. तेवढ्यात मामा बॅग घेऊन दारात.

“हे कुणी केलं, सार?”

मामा क्षणभर थबकले. “आला होता एक मेकॅनिक,” ते म्हणाले.

“त्याला पुन्हा बोलावू नका, मामी.”

“मी कुठे बोलावते?” काकू म्हणाल्या. “तो आपला आपणच येतो.”