जिताड्यासाठी रंग कसा निवडावा

ऑगस्ट १९६२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक तारखेला ठाण्याच्या वागळे इस्टेटीत मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत छोटासा समारंभ झाला आणि एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, जन्माला आली. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ‘लाइफ’ मासिकाने नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोला मुखपृष्ठावर घेतले आणि आत फिनलंडच्या लाउरी रापाला यांच्या नकली माशावर लेख छापला. मन्रोसाठी तो अंक तुफान खपला, आणि नकली माशाचे नाव घरोघर गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण मार्गदर्शनाची सुरुवात इतिहासाने करावी असा शिरस्ता आहे.

रापालांनी १९३६ साली पहिला मासा बुचाचा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. रंग निवडायचा प्रश्नच नव्हता. चॉकलेटला जी चांदी होती तीच माशाला. आज ल्यूरच्या, म्हणजे अशा नकली माशांच्या, दुकानात वागळे इस्टेटीतला सुट्टीवरचा कर्मचारी उभा राहतो तेव्हा समोर रंगांची भिंत असते. लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या मंडळींची होते तीच त्याची गत होते.

म्हणून आधी गिऱ्हाईक कोण ते ओळखावे. परदेशी पुस्तकांत ज्याच्यासाठी रंग सुचवलेले असतात तो लार्जमाउथ बास ठाण्याच्या खाडीत राहत नाही. आपला बास म्हणजे जिताडा. बंगाल्यांची भेटकी तीच, ऑस्ट्रेलियातला बारामुंडीही तोच. पेण-अलिबागच्या खारेपाटात तो तळ्यात वाढवतात, आणि अडलेले काम पुढे सरकावे म्हणून साहेबाच्या घरी जिताडा पोचवायची जुनी रीत तिकडे सांगतात. म्हणजे गळाला लागायच्या आधीपासून हा मासा स्वतःच एक आमिष आहे. शिवाय तो तरुणपणी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. ‘त्याला’ कोणता रंग आवडतो की ‘तिला’, हे ज्याचे त्याने ठरवावे.



आता रंगाकडे. स्वच्छ पाण्यात लाल रंग सर्वांत आधी, काही मीटरांतच मावळतो. गढूळ पाण्यात उलटे होते: निळा आधी जातो, पिवळा-नारिंगी थोडा तग धरतो. आपल्या खाडीत कोपरापर्यंत हात बुडवला तर आपलीच बोटे दिसत नाहीत, तेव्हा ‘थोडा’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासला रंग ओळखून खाऊ मिळवायला शिकवले. लाल आणि हिरवा त्याने चांगले ओळखले. पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत तो गोंधळला, निळ्या आणि काळ्यातही गोंधळला. दुकानात सर्वांत जास्त कौतुक याच पोपटी-पिवळ्याचे असते. हा निकाल अमेरिकन माशाचा आहे, तो जिताड्याला जसाच्या तसा लावू नये. गिऱ्हाइकाच्या पाकिटाला लावायला हरकत नाही.

काही उद्योगी मंडळींना वाटते, इस्टेटीत पावडर कोटिंगची कामे होतात, शेडकार्ड हाताशी आहे, मग ल्यूर तिथेच रंगवून घ्यावा. कल्पना देशी आणि स्वस्त आहे. अडचण एवढीच, की ही पावडर पक्की व्हायला भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश उष्णता लागते. प्लास्टिकचा मासा त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. भट्टीतून उत्तम रंग चढलेला तीन काट्यांचा गळ तेवढा बाहेर येतो.

तरीही रंग निवडायचाच असेल, तर वेळ पाहून निवडावा. संध्याकाळी उजेड गेला की माशाच्या डोळ्यातली रंग ओळखणारी यंत्रणा थंडावते आणि फक्त आकृती उरते. खालून वर पाहणाऱ्या जिताड्याला फिकट आभाळावर काळा ल्यूर सर्वांत ठसठशीत दिसतो. म्हणजे रात्रीसाठी काळा. पाच शेड पाहून काळीच साडी घेणाऱ्या बाईला आता कोणी हसू नये.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या माणसाला रंग विचारला तर तो पाणी सांगतो. तिथी विचारतो, तिची पाऊणपट करतो: चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. मग सुकती लागते, खारफुटीतल्या नाळींतून पाणी ओसरू लागते आणि त्याबरोबर कोळंबी, बोय बाहेर निघतात. जिताडा नाळीच्या तोंडाशी वाट पाहत असतो. गढुळात तो डोळ्यांइतकाच अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याची थरथर टिपतो, आणि मग तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. या सगळ्या हिशेबात रंगाचा रकानाच नाही. जिवंत कोळंबीला मुळात रंग असा नसतो; ती जवळजवळ पारदर्शक असते. हा रंग दुकानातही मिळतो, पण सहसा शिल्लक राहतो.

खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही. तेव्हा पेटी उघडण्याआधी वन विभागाचे नियम पाहावेत. ल्यूर खारफुटीच्या मुळांत अडकलाच, तर दोरी दाताने तोडून चालू पडू नये. त्या नायलॉनमध्ये पुढे पाखरांचे पाय गुंततात. निघेल तेवढी दोरी सोडवावी, गुंडाळावी आणि घरी आणावी.